जे सर्वांत कमी जाणवेल ते

त्रिशला मगदूमला तिच्या सख्ख्या आईनं पाहुण्यांच्या कपबशीतून चहा दिला, तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

आता यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण सांगलीच्या मगदुमांच्या घरात ती कपबशी म्हणजे सोनेरी काठाची, कपाटाच्या वरच्या फळीवरची, आणि ती खाली यायची ती सोयरेधायरे आले तरच. घरच्या माणसाला स्टीलचा पेला. अडतीस वर्षं त्रिशलानं पेल्यातूनच चहा प्यायला होता, तोही बहुतेक वेळा गार झालेला, कारण आईचं, म्हणजे सुमतीबाईंचं, बोलणं थांबायचं नाही. आज चहा गरम होता, बशीत दोन बिस्किटं होती, आणि "घे हं, निवून जाईल," एवढं म्हणून सुमतीबाई खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्यासुद्धा. त्यांनी कपाळावर खेळाची पट्टी चढवली, समोरच्या पडद्यावर नदी उलगडली आणि त्यांची नाव चालू लागली.

त्या दिवशी एक मीटिंग रद्द झाली म्हणून त्रिशला साडेपाचलाच घरी आली होती. एरवी फाटकाची कडी वाजली की आतून "आलीस होय गं?" अशी हाक यायची. आई कुठंही असो, न्हाणीघरात असली तरी. आज हाक आली नाही. आईनं मान वर केली आणि हसली. छान हसली, खोटं कशाला बोला. पण असं हसू ती सिलिंडर घेऊन येणाऱ्या माणसालाही द्यायची.

म्हाताऱ्या माणसांना विसर पडतो तो याच वयात, हे त्रिशलाच्या डोक्यात आलं आणि तिनं तपासून बघायला विचारलं.

"आई, मला दहावीला गणितात किती मार्क पडले होते?"

"एक्क्याऐंशी," सुमतीबाई नाव हाकता हाकता म्हणाल्या. "आणि पेपर देऊन आलीस ती नापास होणार म्हणून भोकाड पसरत आलीस. सगळी गल्ली गोळा केलीस."

विसर नाही म्हणायचा. त्रिशलाच्या जिवात जीव आला.

"मी आज लवकर आले."

"हो की. बघितलं मी."

"बरं वाटलं तुला?"

सुमतीबाई थांबल्या. प्रामाणिक बाई. आमटीत मीठ पुरेसं आहे का, असं कुणी विचारावं तसा त्यांनी त्या प्रश्नाचा नीट विचार केला.

"वाईट काय वाटायचंय त्यात?" त्या म्हणाल्या आणि त्यांनी नाव वळवली.

नावेच्या डोलकाठीवर एक निळा खंड्या पक्षी बसला होता. परवापर्यंत तो तिथं नव्हता. त्रिशलाचं लक्ष तिथंच अडकलं, कारण असला पक्षी कशाच्या बदल्यात मिळतो, हे सगळ्या सांगलीत तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

*

खेळ तिच्याच कंपनीचा होता. 'काठोकाठ' त्याचं नाव. नदीतून नाव हाकायची, या घाटावरचा माल त्या घाटावर न्यायचा, वाटेत गाणी ऐकायची. मारामारी नाही, हारजीत नाही. पाचपिंपळ गेम्स या कंपनीनं तो काढला होता आणि त्रिशला तिथं दर ठरवायची. म्हणजे खेळातल्या जास्तीच्या, हौसेच्या वस्तू खेळाडूला कशाच्या बदल्यात द्यायच्या, ते बघायची.

पैशांचा जमाना तोवर मागं पडला होता. एके काळी खेळ फुकट आणि आतल्या तलवारी-टोप्या विकत, असा धंदा जोरात होता. बंद पेट्या विकायचे, आत काय निघेल ते तुमचं नशीब, म्हणजे सरळ सरळ जुगार! ज्याच्या बापाकडं पैसा त्याची तलवार लांब. पोरांनी आयांच्या फोनवरून महिन्याचे पगार उडवले. ओरड झाली, मोर्चे निघाले आणि शेवटी खेळांवर देखरेख करायला एक मंडळ बसलं. त्यानं सांगून टाकलं, की महिन्याची वर्गणी सगळ्यांना सारखी, आतल्या हौसेच्या वस्तूला पैसा घ्यायचा नाही आणि जाहिरातही दाखवायची नाही.

ठीक. मग वस्तू द्यायच्या कशा? फुकट वाटून पाहिल्या, तर आठवड्याभरात कुणी त्यांच्याकडं ढुंकून बघेना. तासन्‌तास वाट बघायला लावलं, तर रिकामटेकड्यांची चंगळ आणि नोकरदार कोरडेच.

तोडगा त्रिशलाला सुचला, तो आईवरून. सुमतीबाई दर चातुर्मासात बस्तीत, म्हणजे जैन देवळात, जाऊन महाराजांपुढं नियम घ्यायच्या. एका वर्षी चार महिने गूळ सोडला, एका वर्षी तूप, एका वर्षी शेंगदाण्याची चटणी, आणि तीही जिला चटणीशिवाय घास उतरत नाही त्या बाईनं. सोडायला पैसा लागत नाही. गरिबाला गूळ सोडणं जेवढं जड, तेवढंच श्रीमंतालाही. याहून न्याय्य किंमत जगात कुठली असेल, असं त्रिशलाला वाटलं.

यंत्राची बाजू शकील मुजावरनं सांभाळली. हा मिरजेचा, घरात पिढ्यान्‌पिढ्या सतारी बनत, हा एकटा मेंदूच्या शास्त्रात शिरला. त्याचं म्हणणं असं, की मेंदूत आनंदाचं गोदाम वगैरे काही नसतं. असते ती उसळी. आधणात चहाची पूड पडते, वास येतो, चहा अजून ओठाला लागलेला नसतो, तरी मेंदूतल्या काही पेशी आधीच उसळतात, की चला, आता काहीतरी बरं होणार! हवंहवंसं वाटणं म्हणतात ते हेच. शकीलची कपाळपट्टी बारीक ध्वनिलहरींनी ही उसळी मोजायची आणि दाबायचीसुद्धा. खेळाडूनं वस्तू निवडली की पडद्यावर दीड मिनिट एक चाक फिरायचं. तेवढ्या वेळात पट्टी एखादी खूण, एखादा वास किंवा आवाज, त्याच्या मेंदूत पुन्हा पुन्हा छेडायची आणि दर वेळी उसळी येताच ती सपाट करायची. चाक थांबेपर्यंत मेंदू शिकलेला असायचा, की या खुणेपुढं काही नाही. चव तशीच राहायची, आठवण तशीच राहायची. ओढ तेवढी जायची.

नियम सगळे त्रिशलाचे. उसळीचं माप होतं घोट. सकाळचा पहिला चहा म्हणजे दहा घोट, त्याहून मोठं काही कुणाकडून घ्यायचं नाही. खेळात मिळणारा आनंद किमतीत घ्यायचा नाही, नाहीतर खेळायचं कशाला? वस्तू कधीही परत करता येईल आणि ओढ परत मिळेल. पण परत करणारा आपल्या मनानं परत करतोय, हे पट्टी तपासून बघेल. यात शास्त्रही होतं. उसळी वाढवायची तर मुळात ती थोडी तरी आपणहून यावी लागते.

आणि शेवटचा नियम, ज्यासाठी तिला शाल-श्रीफळ मिळालं. काय घ्यायचं ते खेळाडू ठरवणार नाही, यंत्र ठरवेल. जे सर्वांत कमी जाणवेल ते. आणि काय घेतलं ते सांगायचं नाही, कारण सांगितलं की माणसाला उगाच चुटपुट लागते.

तीन वर्षं झाली होती. अकरा लाख लोक खेळत होते. एकही तक्रार नव्हती, आणि त्रिशलाला या गोष्टीचा भारी अभिमान होता.

*

"मॅडम, हे बघायचं नसतं," शकील म्हणाला. "तुमचाच नियम आहे."

"माझी आई आहे ती, शकीलभाई."

"म्हणूनच म्हणतोय ना."

पण तिचा चेहरा बघून त्यानं नोंद उघडली. सुमतीबाईंनी आजवर तीन वस्तू घेतल्या होत्या. कंदील घेतला, तेव्हा दुपारी रेडिओवर लागणाऱ्या नाट्यगीतांची ओढ गेली होती. पिवळं शीड घेतलं, तेव्हा महिना संपला की दिनदर्शिकेचं पान उलटायची जी एक मजा असते, ती गेली. तिसरी नोंद खंड्या पक्ष्याची. ती शकीलनं मोठ्यानं वाचली नाही, पडदाच तिच्याकडं वळवला.

फाटकाची कडी. पायरीवर चप्पल काढल्याचा आवाज. 'आई' अशी हाक. सहा घोट.

त्रिशलानं त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"सहा," ती म्हणाली. "म्हणजे कपभर चहासुद्धा नाही."

"हे आत्ताचं माप आहे, मॅडम. पाच वर्षांपूर्वी मोजलं असतं तर मशीन बंद पडलं असतं." शकील चाचरला. "तुम्ही घरी किती वाजता जाता?"

"सात. साडेसात. कधी आठ."

"आणि तुमच्याकडं जेवण?"

मगदुमांच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवायचं, ही पिढ्यांची रीत. वडील गेल्यापासून आई साडेपाचलाच दोन ताटं मांडून बसायची. भिंतीवरचं ऊन उतरेपर्यंत वाट बघायची आणि मग एकटीच जेवून घ्यायची. त्रिशला येऊन स्वतःपुरतं काहीतरी खायची, कधी तेही नाही, आणि लॅपटॉप उघडायची. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी उसळी यायची आणि वाया जायची. हळूहळू मेंदूनं आपला हिशेब आपणच कमी करून टाकला. पट्टीनं शेवटचं दाबलं खरं, पण त्याआधी निम्म्याहून जास्त काम झालेलं होतं आणि ते त्रिशलानं केलं होतं.

"यंत्र चुकलेलं नाही," शकील हळूच म्हणाला. "चुकलं असतं तर बरं झालं असतं."

*

त्याच दिवशी घरी येऊन तिनं आईला सगळं सांगितलं. स्वतःचा नियम स्वतः मोडला. सुमतीबाईंनी हाताचं काम बाजूला ठेवून ऐकलं.

"अगं बाई! असं असतं होय ते?" त्या म्हणाल्या. "पण मग हे सोडणं कसलं गं? मी गूळ सोडायची, तर चार महिने डोळ्यांपुढं गूळच नाचायचा. सोडलेलं आठवलंच नाही, तर सोडलं कशाला म्हणायचं? हे म्हणजे कुणी गुपचूप उचलून नेलं."

"मग परत घे की, आई. तो पक्षी देऊन टाक."

"देते की. तुझ्यापुढं पक्ष्याचं काय घेऊन बसलीस."

त्रिशलाचे डोळे भरून आले. सुमतीबाईंनी पट्टी चढवली, पक्ष्यावर बोट ठेवलं आणि परत करायचं बटण दाबलं. चाक फिरलं नाही. पडद्यावर अक्षरं आली.

'ही इच्छा तुमची दिसत नाही. दुसऱ्या कुणासाठी वस्तू परत करत असाल, तर कृपया थांबा. तुमच्यावर कुणी दबाव आणत असल्यास इथे कळवा.'

ही तिन्ही वाक्यं त्रिशलाची होती. आईबाप पोरांना धाक घालून त्यांच्या वस्तू परत करायला लावतात, म्हणून तिनंच ती घातली होती.

सुमतीबाईंनी पुन्हा दाबलं. मग बस्तीत हात जोडतात तसे डोळे मिटून तिसऱ्यांदा दाबलं. तीच अक्षरं.

"होत नाही गं," त्या ओशाळून म्हणाल्या. "तुझं वाईट वाटू नये म्हणून करतेय मी, खरं सांगते. तू माझी लेक आहेस, तुझं काही कमी होऊ द्यायची नाही मी. पण मला काही अडल्यासारखंच वाटत नाही, तर काय करू?"

त्रिशला ढसाढसा रडायला लागली. सुमतीबाई उठल्या, पाणी आणलं, पाठीवरून हात फिरवला. चांगला फिरवला, शेजारच्यांच्या सुनेच्या पाठीवरून फिरवला असता तसा. मग घड्याळाकडं बघून त्या म्हणाल्या, "जेवून घेतीस का? ऊन उतरलं." आणि त्यांनी तिला वाढलं.

*

पुढचे तीन आठवडे त्रिशला रोज सव्वापाचला घरी. मीटिंगा गेल्या खड्ड्यात! रोज कडी वाजवायची, चप्पल पायरीवर काढायची, हाक मारायची. उसळी नव्यानं उगवेल, थोडी तरी उगवेल, या आशेवर. दोघी रोज उजेडात समोरासमोर जेवल्या. आई भाकरी वाढायची, विचारपूस करायची. जेवण झालं की पट्टी चढवून नावेत जाऊन बसायची.

"तू अजून खेळतीस?" त्रिशलानं एकदा न राहवून विचारलं. "एवढं सांगूनही?"

"मग काय करू बाई? चांगला आहे की खेळ," सुमतीबाई म्हणाल्या. "त्याचं काही गेलेलं नाही ना माझ्यातलं."

ते खरंच होतं. खेळातल्या आनंदाला हात लावायचा नाही, हेही त्रिशलानंच ठरवलेलं. बाहेरचं एकेक विझत जातं आणि खेळ तेवढा तेवत राहतो, हे तिला तेव्हा कसं सुचलं नाही, कोण जाणे. की कंपनीत कुणाला तरी ते तेव्हाच सुचलं होतं?

तिनं मंडळाला लिहिलं. मंडळाचं उत्तर दोन दिवसांत आलं, की तक्रार बाधित खेळाडूनं स्वतः करावी. ती शकीलकडं गेली.

"बंद करूया हे," ती म्हणाली.

"बंद केलं तरी गेलेलं परत येत नाही, मॅडम. मी काय कमी डोकं फोडलंय यावर? उसळी शून्य असेल तर वाढवायची काय?" त्यानं डोळे चोळले. "आणि बंद करा म्हणून सांगणार कुणाला? अकरा लाख माणसं आहेत आणि तक्रार एक नाही."

"कुठून येणार?" त्रिशला म्हणाली.

रोज पट्टी लावणाऱ्याच्या कपाळावर एक फिकट पट्टा उमटतो. तो आता तिला जिथं तिथं दिसायला लागला. बँकेतल्या बाईच्या, रिक्षावाल्याच्या, देवळाबाहेर फुलं विकणाऱ्याच्या कपाळावर. ऑफिसजवळच्या शाळेच्या फाटकाशी एक बाप उभा होता. त्याची चिमुरडी धावत आली आणि त्याच्या पायांना येऊन बिलगली. त्यानं तिचं दप्तर घेतलं, सुटलेली रिबीन नीट बांधली, पाण्याची बाटली तपासली. काही म्हणून चुकला नाही. पोरीनं मान वर करून त्याच्याकडं एकदा बघितलं, पुन्हा एकदा बघितलं, आणि मग ती गप्प चालायला लागली. त्याच्या कपाळावरचा पट्टा उन्हात स्पष्ट दिसत होता.

त्रिशला त्या दिवशी घरी आली ती एक प्रश्न घेऊन, आणि तो काही केल्या तिचा पिच्छा सोडेना. आपल्याकडून मागितलं असतं, तर आई कितव्या नंबरला गेली असती?

*

हे आधी बघता येत नव्हतं. खरेदीच्या क्षणी यंत्र चाळून बघायचं आणि सर्वांत खालचं उचलायचं, वरची यादी कुणालाच दिसायची नाही. कळायचं तर देऊनच कळायचं.

रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर त्रिशला आपल्या खोलीत पलंगावर बसली. चाचणीचं खातं उघडलं, दहा घोटांची मर्यादा काढून टाकली. दोन्ही गोष्टी मनात होत्या. आईची ओढ लवकर गेली, तर निदान फिटंफाट होईल, ही रोजची जिवाची तगमग तरी थांबेल. आणि नाही गेली, तर आपण तेवढ्या वाईट नाही, एवढं तरी कळेल. कुठलं हवं होतं, तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

पहिलं तांबडं शीड घेतलं. चाक फिरलं. मनातून काहीतरी झरझर सरकल्यासारखं झालं, धरायला गेली तर हाताला लागेना. चाक थांबल्यावर ती घरभर हिंडली, काय गेलं ते शोधत. सापडलं नाही. दुसऱ्याच्या वेळीही नाही. पाचव्याला कॉफीची बरणी उघडली, तर वास आला. कॉफीचाच होता. बस, वास होता.

दर खेपेला ती दारातून पलीकडं बघायची. खिडकीशी खुर्ची, खुर्चीच्या पाठीवरून आलेली आईची पांढरी वेणी. दर खेपेला छातीत उसळी यायची. "मेलं जात का नाही हे!" ती स्वतःशीच चिडून म्हणायची आणि पुढचं बटण दाबायची. छत, घंटांची माळ, मोर, वल्ह्यांना चांदी. नवी सुती साडी गेली. पहाटेच्या गारव्यात गच्चीवर जायचं गेलं. शकीलचा विनोदाचा मेसेज आला, तो तिला नीट समजला. कपाटातली सन्मानाची शाल काढून बघितली, ते कापड होतं.

माणसाच्या डोक्यात अशा खुणा किती असतात? शकील म्हणायचा, शेकडो. त्रिशलाच्या डोक्यात बत्तीस निघाल्या. गेली कित्येक वर्षं ती फक्त काम करत होती, त्यामुळं असेल. एकतिसावी वस्तू नावेवर चढली आणि चाचणीच्या खात्यात कोपऱ्यात एक ओळ आली, 'शिल्लक खुणा : १.'

ती कुठली, हे वेगळं सांगायला नको. आई शेवटची होती. सगळ्यांत वर होती.

आता उलटं फिरायचं, एवढंच. ठरवलंही तसंच होतं. शेजारी मोठ्या अक्षरांत बटण होतं, सर्व परत करा. त्रिशला त्याच्याकडं बघत बसली. काय परत करायचं? कॉफी? कॉफीला काय झालं होतं? दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, कुठं रिकामं वाटत नव्हतं. करायचं ठरलेलं म्हणून तिनं बटण दाबलं.

'ही इच्छा तुमची दिसत नाही.'

तिनं आणखी दोनदा दाबलं. मग सोडून दिलं. आपण घाबरायला हवं, हे तिला कळत होतं. आई त्या दिवशी ओशाळून म्हणाली ते काय होतं, तेही आता चांगलंच कळत होतं.

घाटावरच्या दुकानात अजून वस्तू होत्या. एकच घेतली असती तर दोघी सारख्या झाल्या असत्या. रोज कडी वाजवून वाट बघायला नको, रडायला नको. तिचं बोट दोन क्षण तिथंच थबकलं.

"त्रिशला," सुमतीबाई दारात उभ्या होत्या. "माझी पट्टी बंद पडली बघ, चार्जिंगच संपलं. तुझी देतीस का जराशी?"

घरातले सगळे दिवे गेलेले असावेत आणि तोंडावर एकदम एकच दिवा लागावा, तसं झालं. आई आपणहून तिच्या खोलीत आली होती. तिच्याकडं काहीतरी मागत होती. असा आनंद त्रिशलाला उभ्या जन्मात झाला नव्हता. जगात दुसरं काही उरलंच नव्हतं, तर सगळाच आनंद तिथं येऊन साठला होता, आणि तो सोसवेना. तिनं उठून पट्टी काढली आणि आईच्या हातात दिली.

सुमतीबाई पलंगावरच टेकल्या. पट्टीनं त्यांचं कपाळ ओळखलं आणि पडद्यावर त्यांची नदी आली.

"उभी का? बस की," त्या म्हणाल्या आणि बसमध्ये अनोळखी बाईला जागा द्यावी तशा जरा सरकल्या. त्रिशला त्यांना चिकटून बसली.

सुमतीबाईंची नाव घाटाला लागली. दुकान उघडलं.

"दोन वस्तू मनात भरल्यात बघ माझ्या," त्या म्हणाल्या. "हा नांगर आणि तो शिंगाचा कर्णा. कुठली घेऊ? तू सांग, तुला यातलं कळतं."

'नको' त्रिशलाच्या अगदी ओठावर आलं. तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? शेंगदाण्याची चटणी जाईल, नाहीतर बस्तीतली सकाळ जाईल, नाहीतर वडिलांच्या फोटोपुढं उभं राहिल्यावर आईला जे काय वाटतं ते जाईल. सांगायला हवं होतं. पण सुमतीबाईंनी मान वळवली होती आणि त्या तिच्याकडं बघत होत्या. ती काय म्हणते, याची वाट बघत होत्या. महिन्याभरात पहिल्यांदा ते डोळे तिच्यासाठी थांबले होते, आणि नको म्हटलं असतं तर ते लगेच पडद्याकडं वळले असते.

"दोन्ही घे की, आई," त्रिशला म्हणाली.

"दोन्ही?" सुमतीबाईंना ते पटलं. त्यांनी बटण दाबलं आणि चाक फिरायला लागलं.